स्लीव्ह टाकलेल्या ड्रॅग इंजिनमधून पाणी गळतंय? हेड खोलायच्या आधीपासून पहिल्या रनपर्यंतचं सगळं काम

"हेड गॅस्केट बदललं, फेसिंग केलं, तरी पाणी कमी होतंच आहे." इंदूरात सांवेर रोडवरच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये थोडा वेळ उभे राहा, ही तक्रार ऐकायला मिळेलच. बऱ्याचदा गॅस्केटचा त्यात काही दोष नसतो. पाणी स्लीव्हच्या (सिलेंडरच्या जागी ब्लॉकमध्ये घातलेला लोखंडी नळा) खालच्या ओ-रिंगमधून (रबरी कडं) जात असतं, किंवा एखादी स्लीव्ह एका अंगाने खाली बसलेली असते, आणि आपण मात्र जे हाताशी येतं ते आधी खोलून मोकळे होतो. हेड खोललं की सिस्टिमला प्रेशर देता येत नाही, पाणी सगळीकडे सांडतं, मग कुठला ओलावा गळतीचा आणि कुठला आत्ताच सांडलेला हे सांगायला कुणी नाही. म्हणून या कामात पाना सगळ्यात शेवटी.

खालचं सगळं मुख्यतः ड्रॅग रेसच्या (सरळ पट्ट्यावरची, कमी अंतराची शर्यत) गाड्यांतल्या ॲल्युमिनियमच्या ओपन डेक ब्लॉकसाठी आहे (डेक म्हणजे हेड टेकतं तो ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, ओपन म्हणजे तिथे सिलेंडरभोवतीची पाण्याची जागा उघडी), म्हणजे जुनी होंडा सिटी व्हीटेक, सिव्हिक वगैरे, ज्यात मूळ सिलेंडर कापून डक्टाइल आयर्नच्या जाड स्लीव्ह घालतात. यात दोन प्रकार येतात. एक, ब्लॉक तापवून घट्ट दाबलेली प्रेस-फिट स्लीव्ह, जिच्या खालच्या भागाला नुसती पकड आणि सीलंट असतं. दुसरी, वर कॉलर आणि खाली ओ-रिंगच्या खोबणी असलेली, ट्रॅक्टर-ट्रकच्या वेट लायनरसारखी. तुमच्यात कुठली आहे ते आधी बिल्डरला विचारा, कारण दुरुस्ती तिथूनच वेगळी होते. लोखंडी ब्लॉकमध्ये ड्राय लायनर (पाण्याला न लागणारी स्लीव्ह) असेल तर टेस्ट आणि मापांचा भाग तसाच घ्या, ओ-रिंगचा सोडा.

## १. इंजिन गार, हातात वही

आधी लक्षणं लिहा, कारण प्रत्येक गळती वेगळं काहीतरी दाखवते:

- रन मारून आलात, ओव्हरफ्लो बाटली भरलेली, होज दगडासारखा कडक, पण ऑइल स्वच्छ: सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. वरचा जोड, म्हणजे गॅस्केट, डेक, स्लीव्हची उंची, नाहीतर हेड उचललं जातंय.
- ऑइल दुधाळ, चेंबरची (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीची) पातळी वाढलेली, होज नॉर्मल: खालचा जोड, म्हणजे स्लीव्हच्या खालच्या टोकाची पकड किंवा ओ-रिंग.
- रात्रभर उभी ठेवली की सकाळी एका सिलेंडरचा प्लग ओला, आणि त्या पिस्टनचा माथा बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा साफ: वरून किंवा स्लीव्हच्या भिंतीतून आत.
- नुसतं कमी होतं, कुठेच दिसत नाही: वॉटर पंप, ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे वॉटर प्लग, होजच्या क्लिपा, आणि पाण्यात उघडणाऱ्या स्टडच्या चुड्या. हे चार आधी बघा. हजार रुपयांचं काम असताना ब्लॉक उतरवलेले लोक आहेत.

आणि हेही लिहा: गळती गरमला होते का गारला. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. ९० मिमीच्या स्लीव्हवर तापमान २५ वरून ९० डिग्रीला गेलं तर ब्लॉकचं भोक स्लीव्हपेक्षा साधारण ०.०७ मिमी जास्त मोठं होतं. प्रेस-फिट स्लीव्हची पकडच तेवढी असेल तर गरम झाल्यावर ती सुटलीच समजा. फक्त गरमला गळणारी प्रेस-फिट स्लीव्ह गार टेबलावर कितीही तपासा, काही सापडणार नाही.

सावधान: प्लग ओला दिसला तर सेल्फ मारू नका. सगळे प्लग काढा, पान्याने क्रँक हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

## २. गळतीचा पत्ता काढा

या टप्प्याला एक पूर्ण संध्याकाळ द्या. पुढचे सगळे पैसे यावर ठरतात.

प्रेशर पंप. रेडिएटरला हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या प्रेशरपर्यंत जा, बहुतेक गाड्यांत ते ०.९ ते १.१ बार असतं. १५-२० मिनिटं काटा बघा. इंजिन एकदा गार असताना आणि एकदा गरम करून. गरम इंजिन गार होत असताना काटा आपोआपही थोडा उतरतो, त्याला गळती समजू नका. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही हे तर सांगायलाच नको, तरी सांगतो.

लीक-डाऊन. रेडिएटर काठोकाठ भरा, कॅप उघडी. एकेक सिलेंडर टॉप डेड सेंटरवर आणून ७ बारच्या आसपास हवा सोडा, क्रँक धरून ठेवा नाहीतर पिस्टन फिरेल आणि पाना हातावर बसेल. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले की सिलेंडर नंबर लिहून घ्या. पण एक लक्षात ठेवा, टर्बो ड्रॅग इंजिनमध्ये जळताना जे प्रेशर होतं ते याच्या कितीतरी पट असतं. म्हणून लीक-डाऊनला पास झाली म्हणजे वरचा जोड निर्दोष, असं नाही.

पाण्याच्या प्रेशरचा सेन्सर. तुमच्या ईसीयूला (इंजिनचा कॉम्प्युटर) मोकळा इनपुट असेल तर हेडच्या पाण्याच्या आउटलेटला प्रेशर सेन्सर बसवा आणि एक पुल (पूर्ण थ्रॉटलवरची धाव) लॉग करा. बूस्ट चढला त्याच क्षणी पाण्याचं प्रेशर उडी मारत असेल तर हेड उचललं जातंय किंवा वरून गॅस शिरतोय. तापमानाबरोबर हळू चढत असेल तर ते साहजिक आहे. माझ्या मते ड्रॅग गाडीत हा सेन्सर बूस्ट गेजइतकाच गरजेचा आहे, आणि लोक स्टिकरवर त्याहून जास्त खर्च करतात.

केमिकल टेस्टर. निळं पाणी असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून वाफ ओढायची, पिवळं झालं की पाण्यात एक्झॉस्ट गॅस आहे. रेडिएटरची पातळी आधी थोडी कमी करा, टेस्टरमध्ये कूलंट गेलं की रंग भलताच येतो.

ऑइल. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी हळू, पूर्ण न काढता सैल करा. पाणी जड, खाली बसतं. आधी पाणी आलं तर खालचा जोड पक्का.

खालून बघणं. ऑइलमध्ये पाणी असेल तर हे कराच. चेंबर उतरवा, क्रँककेस आतून पुसून कोरडं करा, पाण्याला प्रेशर द्या, आणि टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे व्हा. लगेच काही दिसणार नाही. दहा-पंधरा मिनिटांनी स्लीव्हच्या खालच्या काठाला, जिथे ती ब्लॉकमधून बाहेर डोकावते, एक बारीक चकाकणारी रेघ उमटते, मग तिच्यातून थेंब जमतो आणि काठाने सरकत सगळ्यात खालच्या जागी येऊन लटकतो. थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही, रेघ जिथे सुरू झाली ती जागा खरी. टाल्कम पावडर फुंकून ठेवली तर रेघ पावडरीत स्पष्ट दिसते. त्या जागी मार्करने खूण करा, फोटो काढा, सिलेंडर नंबर आणि एक्झॉस्टची बाजू का इनटेकची ते लिहा.

इथे थांबा. या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे एक वाक्य असलं पाहिजे: "तीन नंबर, खालची बाजू, एक्झॉस्टकडे" किंवा असंच काही. ते नसेल तर पुढे जाऊ नका, टेस्ट परत करा.

आणि रेडिएटरमध्ये लीक बंद करायची बाटली ओतायचा विचार येतच असेल. ओतू नका. ती ज्या फटीत हवी तिथे टिकत नाही, रेडिएटरच्या नळ्यांत मात्र बसते, आणि नंतर ओ-रिंगच्या खोबणीत जो थर सापडतो तो खरवडताना नखं जातात.

## ३. हेड काढताना

स्टडचे नट शेवटून सुरुवातीकडे, बाहेरून आत, दोन-तीन हप्त्यांत सैल करा. प्रत्येक नट सुटताना किती जोर लागला ते बघा, एखादा सहज सुटला तर त्याच्या शेजारचा जोड संशयित.

हेड वर आलं की कपडा लावायच्या आधी गॅस्केटचे दोन्ही बाजूंचे फोटो. फायर रिंगवर (गॅस्केटचं सिलेंडरभोवतीचं कडं) काळी रेघ कुठे गेली, गंज कुठे, स्लीव्हचा ठसा सगळीकडे सारखा उमटला का एका बाजूला फिकट. फिकट ठसा म्हणजे तिथे दाब कमी, म्हणजे स्लीव्ह तिथे खाली. हे गॅस्केट फेकू नका, काम संपेपर्यंत नंबर टाकून भिंतीला टांगा.

## ४. मापं, आणि ती कशी घ्यायची

डेक साफ करायला गोल फिरणारी खरखरीत पॅड वापरू नका. त्यातली घासणारी भुकटी ऑइलच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते. प्लॅस्टिकचा किंवा धार नसलेला स्क्रेपर, सॉल्व्हंट, बास.

सरळ पट्टी आणि फिलर गेज: लांबीत, रुंदीत, दोन्ही तिरक्या रेषांत. एमएलएस (स्टीलच्या अनेक थरांच्या) गॅस्केटला डेक पूर्ण लांबीत ०.०५ मिमीच्या आत सपाट हवा. फिनिशही हवं, ५० मायक्रोइंच आरए (खरखरीतपणाचं सरासरी माप) किंवा त्याहून गुळगुळीत. बोटाच्या नखाला डेकवर ओरखडे लागत असतील तर एमएलएस तिथे पाणी धरणार नाही.

आता स्लीव्हची उंची, खरं काम इथे आहे. ओ-रिंगवाली स्लीव्ह मोकळी असेल तर रबर तिला थोडं वर ढकलतं, आणि मोकळ्या स्लीव्हचं माप खोटं येतं. जाड वॉशर आणि जुने हेड बोल्ट घेऊन प्रत्येक स्लीव्ह कॉलरवर हलकी आवळून बसवा, मग डायल गेजने डेकवर झिरो करून स्लीव्हच्या काठावर घड्याळाच्या १२, ३, ६, ९ या चार जागी माप घ्या. चार सिलेंडर, सोळा आकडे, वहीत तक्ता.

बघायचं काय: स्लीव्ह डेकच्या किती वर हवी ते बनवणाऱ्याच्या कागदावर असतं, काही बिल्डर बसवल्यावर डेकबरोबर सपाट करतात. पण कागद काहीही म्हणो, एकाच स्लीव्हच्या चार मापांत ०.०२ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर मी ती तिरकी धरतो, आणि दोन शेजारच्या स्लीव्हमध्ये ०.०४-०.०५ चा फरक असेल तर त्यांच्यामधल्या गॅस्केटवर भरवसा ठेवत नाही. कुठलीही स्लीव्ह डेकच्या खाली असेल तर नवीन गॅस्केट घेऊन पैसे घालवू नका.

ज्या स्लीव्ह वर कॉलरवर न बसता खाली सीटवर टेकतात, त्यांच्यात आणखी एक भानगड आहे. सीट डेकपासून १३० मिमी खाली असेल तर गरम झाल्यावर ॲल्युमिनियम स्लीव्हपेक्षा साधारण ०.१ मिमी जास्त लांबतं, म्हणजे गारला बरोबर असलेली स्लीव्ह गरमला खाली. अशा इंजिनला गारला स्लीव्ह डेकच्या थोडी वर ठेवावीच लागते, किती ते कागदावरच बघा, अंदाज नको.

## ५. स्लीव्ह काढणं

काढायच्या आधी प्रत्येक स्लीव्हवर नंबर आणि पुढची बाजू मार्करने, ब्लॉकवरही तीच खूण.

ओ-रिंगवाली: पुलरने सरळ वर. खालून लाकूड लावून हातोडा मारणारे उस्ताद आहेत, ते ट्रकच्या लायनरला चालत असेल, इथे खालचा काठ उडाला तर स्लीव्ह गेली. प्रेस-फिट: ब्लॉक ओव्हनमध्ये १३०-१५० डिग्रीपर्यंत सगळा सारखा तापवून. गॅस टॉर्चने एका जागी तापवलेला ॲल्युमिनियम ब्लॉक वाकतो, आणि त्यानंतर मेन बेअरिंगची लाइन गेली की गळतीचा विषयच संपतो.

ओ-रिंग बाहेर आली की तिला खोबणीतून ओढून फेकू नका. टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवा, ज्या बाजूला मार्कर होता ती बाजू बघा. कापलेली रिंग ओळखू येते: बाहेरून एक पातळ काळी साल निघालेली असते, केसासारखी गुंडाळलेली, आणि तिचा तुकडा बहुधा ब्लॉकच्या भोकाच्या वरच्या कडेला चिकटलेला सापडतो. याचा अर्थ रिंग चालताना खराब झालेली नाही, बसवतानाच कापली गेली. सपाट झालेली, चौकोनी झालेली रिंग म्हणजे उष्णता किंवा चुकीचं रबर. फुगलेली, मऊ, खोबणीत न मावणारी म्हणजे रबराला ऑइल मानवलं नाही.

## ६. सीट आणि ब्लॉकचं भोक

कॉलर जिथे टेकते ती पायरी पूर्ण स्वच्छ. जुन्या सीलंटचा ०.०५ मिमीचा कण राहिला तर स्लीव्ह तिरकी. इंजिनिअर्स ब्लू स्लीव्हच्या कॉलरखाली पातळ लावा, स्लीव्ह ठेवा, थोडी फिरवा, काढा. पायरीवर निळा रंग पूर्ण गोल आला पाहिजे. अर्धा गोल आला तर पायरी परत मशीनवर कापून घ्यायची आणि कापलं तेवढ्या जाडीची स्टीलची शिम घालायची. हे काम ज्या शॉपमध्ये ब्लॉक एकदाच बांधून सगळ्या पायऱ्या कापतात तिथेच द्या. पायरी का बसली तेही शोधा, बहुतेक वेळा नॉकिंगने ठोकून ठोकून बसलेली असते, टायमिंग आणि फ्युएल तसंच ठेवलंत तर पुढच्या सीझनला परत हेच.

ज्या भोकात ओ-रिंग सरकते त्याची वरची कड धारदार असेल तर १५-२० डिग्रीचा उतार हवा, आणि त्यावर ४०० नंबरचा पाणकागद ऑइल लावून हाताने, बोट फिरवलं तर कुठेच अडकू नये. भोकात गंजाचे खड्डे असतील आणि ते रिंगच्या वाटेवर असतील तर रबर कितीही महागाचं आणा, पाणी खड्ड्यातून जाणार.

स्लीव्हच्या बाहेरच्या अंगावरही खड्डे बघा. टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसला की डाय पेनेट्रंट मारा. आरपार असेल तर स्लीव्ह बदला, वेल्डिंगच्या गोष्टी ऐकू नका.

## ७. ओ-रिंग निवडणं

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात माप दाखवलं की काळी रिंग मिळते, पण ती कुठल्या रबराची हे दुकानदारालाही माहीत नसतं, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

- ईपीडीएम: गरम पाणी आणि कूलंटला उत्तम, पेट्रोलियम ऑइल लागलं की फुगतं.
- नायट्राइल: ऑइलला चालतं, पण गरम पाण्यात काळाने कडक होतं.
- व्हायटन: उष्णता आणि ऑइल दोन्ही सोसतं, महाग आहे. कूलंटला कुठला ग्रेड चालतो ते विकणाऱ्याच्या डेटाशीटवर बघून घ्या.

म्हणून बऱ्याच डिझेल इंजिनमध्ये वरची, पाण्याकडची रिंग आणि खालची, ऑइलकडची रिंग वेगवेगळ्या रंगाच्या येतात. किट आलं आणि रिंग दोन रंगांच्या असतील तर कुठली वर ते कागद वाचूनच ठरवा.

माप: रिंग बसल्यावर १५ ते २५ टक्के दबली पाहिजे. ३.० मिमी जाडीची रिंग असेल आणि खोबणीच्या तळापासून भोकाच्या भिंतीपर्यंत २.४ मिमी जागा असेल तर २० टक्के, बरोबर. "जरा जाड टाकू, घट्ट बसेल" हा सल्ला कुणी दिला तर हात जोडा. जास्त जाड रिंग खोबणीत मावत नाही, स्लीव्ह खालून आत दाबते, बोअर तिथे अंडाकार होतो आणि पिस्टन धरतो. रबर दबतं पण त्याचं आकारमान कमी होत नाही, म्हणून खोबणीत थोडी मोकळी जागा राहायलाच हवी.

## ८. आधी कोरडं, मग पक्कं

पहिल्यांदा ओ-रिंगशिवाय आणि सीलंटशिवाय सगळ्या स्लीव्ह बसवा. ओ-रिंगवाली हाताने गेली पाहिजे. आवळा, सोळा मापं परत घ्या. पहिल्या तक्त्याशेजारी लिहा.

मग रिंग. खोबणीत बसवल्यावर एक गुळगुळीत बारीक सळई रिंगखाली घालून पूर्ण गोल फिरवा, पीळ निघतो. पीळ राहिलेली रिंग बसवताना लोळते आणि कापली जाते. ईपीडीएम असेल तर साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस, ऑइल अजिबात नाही. स्लीव्ह सरळ वरून, दोन्ही तळहातांनी, खुणा जुळवून एका दाबात खाली. जाताना एकदा मऊ अडथळा येतो तो रिंगचा, त्यानंतर सरकन जाते. "कट्" असा आवाज आला किंवा काळी साल वर आली तर लगेच बाहेर काढा, नवीन रिंग. "चाललंय" म्हणून पुढे जाणारा माणूस दोन महिन्यांनी परत चेंबर खोलतो.

प्रेस-फिट: ब्लॉक ओव्हनमध्ये, स्लीव्ह डीप फ्रीझरमध्ये. ब्लॉक स्लीव्हपेक्षा १०० डिग्री गरम असला की ९० मिमीवर पकड साधारण ०.२ मिमीने सैल होते, स्लीव्ह आपल्या वजनाने जाते. काही सेकंदच असतात, म्हणून खुणा, हातमोजे, माणूस सगळं आधी तयार. खाली टेकली की लगेच वरून वजन किंवा क्लॅम्प, नाहीतर गार होताना ती वर सरकून अडकते. सीलंट बनवणाऱ्याने सांगितलं तेच, सांगितलं तिथेच, आणि ते तेवढं तापमान सोसतं का हे वाचून. गळणारी जुनी प्रेस-फिट स्लीव्ह काढून तीच परत घालून उपयोग नाही, भोक मोजा, पकड कमी झालेली असते, मोठ्या मापाची स्लीव्ह लागते.

तपासा: आवळून परत सोळा मापं. कोरड्या तक्त्यापेक्षा कुठे जास्त उंची आली तर तिथे रिंग गोळा झाली आहे किंवा सीलंट जाड लागलंय. काढा.

आरटीव्ही (सिलिकॉन सीलंट) वापरलं असेल तर २४ तास हात लावायचा नाही. ते हवेतल्या दमटपणाने पक्कं होतं, म्हणून भाऊ, मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या उन्हात ते लवकर वाळतं हा समज उलटा आहे, पावसाळ्यात ते जास्त लवकर होतं. मे मध्ये अजून एक दिवस द्या.

## ९. ब्लॉकची प्रेशर टेस्ट

हा टप्पा लोक सरळ उडवतात. जाड स्टीलची प्लेट, खाली रबर शीट, हेडच्या बोल्टने आवळा, वॉटर पंपचं तोंड बंद, एका भोकाला रेग्युलेटर. आत शक्यतो पाणी भरून प्रेशर द्या, नुसती हवा असेल आणि प्लेट सुटली तर ती गोळीसारखी उडते. २ बारच्या वर जाऊ नका. ब्लॉक उलटा करून स्लीव्हचे खालचे काठ अर्धा तास बघा. मग ६०-७० डिग्री गरम पाणी भरून परत, कारण गरमला सुटणारी फट इथेच पकडायची आहे.

थेंब आला तर आठव्या टप्प्यावर परत. वाईट वाटतं, पण हे गाडीत कळण्यापेक्षा टेबलावर कळलेलं बरं.

## १०. डेक आणि बोअर

क्रम: स्लीव्ह बसल्या, टेस्ट पास झाली, मग डेकचं फेसिंग (मशीनवर सपाट करणं), मग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून बोअर आणि होनिंग (बोअर घासून फिनिश करणं). उलटा क्रम केला तर होन केलेला बोअर फेसिंगच्या आवळण्याने बदलतो. टॉर्क प्लेटखाली तुमचंच हेड गॅस्केट आणि तुमचेच स्टड, तोच टॉर्क. ब्लॉकमध्ये फिलर (पाण्याच्या जागेत ओतून घट्ट होणारं मटेरियल) भरायचा असेल तर तो होनिंगच्या आधी, भरल्यावर बोअर हलतात, आणि एकदा भरला की खालच्या ओ-रिंगपर्यंत परत कधी पोचता येणार नाही हे लक्षात ठेवून भरा.

नंतर धुणं: गरम साबणाचं पाणी, ब्रश, ऑइलच्या वाटांत वेगळा ब्रश, पांढरा कपडा बोअरवर पुसल्यावर पांढराच राहीपर्यंत. लगेच ऑइल लावा, डक्टाइल आयर्नला गंज बघताबघता चढतो.

ऑइलमध्ये ग्लायकॉल (कूलंटमधलं रसायन) गेलं असेल तर बेअरिंग बघायचे नाहीत, बदलायचे. ऑइल कूलर आणि त्याचे पाइप आतून साफ होत नसतील तर तेही नवीन.

## ११. हेड

स्टडची भोकं चेसरने साफ करा, टॅपने नाही, टॅप धातू कापतो. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर स्टड त्याला दाबून ब्लॉक फोडतो. पाण्यात उघडणाऱ्या भोकात चुडीला सीलंट. स्टड हाताने घट्ट, तळाला पान्याने नाही. एआरपी कंपनीचे स्टड असतील तर त्यांचंच ल्युब आणि त्यांचाच टॉर्क आकडा, ऑइल लावून तोच आकडा वापरलात तर आवळण आकड्याएवढं राहूनही कमी पडतं. तीन हप्त्यांत, मधून बाहेर.

एमएलएस कोरडं बसवा, बनवणाऱ्याने सांगितलं नसेल तर स्प्रे नको. कॉपर गॅस्केट वापरत असाल तर उलट: गॅसचा जोड त्याची वायर रिंग सांभाळते, पण पाण्याच्या भोकांभोवती सीलंट लागतंच, ते विसरलं की पहिल्याच दिवशी डेकवरून पाणी वाहतं.

## १२. पाणी भरा, गरम करा, गार होऊ द्या

बोरिंगचं पाणी नाही, घरच्या आरओचंही नाही. बॅटरीचं डिस्टिल वॉटर आणि गंज थांबवणारं ॲडिटिव्ह. बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉल चालत नाही कारण ट्रॅकवर सांडलं की घसरडं होतं आणि लवकर जात नाही, पण म्हणून नुसतं पाणी घालून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवलीत तर ओ-रिंगच्या जागी गंज धरतो. इंदूर साधारण ५५० मीटरवर, इथे उघडं पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं, म्हणून कॅपही नवीन घ्या, तिचं रबर बघा. प्रेशर धरणारी कॅप हीच उकळण्यापासूनची राखण आहे.

हवा काढून भरा. गार इंजिनवर पंप लावून २० मिनिटं, मग पहिला स्टार्ट. ८० डिग्रीपर्यंत, बंद, पूर्ण गार, म्हणजे रात्रभर. पातळी बघा, ड्रेन बोल्टचा ऑइल-पाण्याचा तपास परत करा. असं दोनदा. स्टड बनवणाऱ्याने परत टॉर्क सांगितला असेल तर गार इंजिनवर. मग कमी बूस्टवर एक छोटा पुल, पाण्याच्या प्रेशरचा लॉग बघा, लीक-डाऊन करा आणि जुन्या आकड्यांशी ताडून बघा. मग पूर्ण बूस्ट.

ट्रॅकवर एक सवय सोडा: रन मारून आलं की गरम इंजिनमध्ये बर्फाचं पाणी फिरवणं. ॲल्युमिनियम आणि लोखंड वेगवेगळ्या वेगाने आकसतात, आणि तो झटका थेट स्लीव्हच्या सीटवर आणि रिंगवर बसतो. पंखा लावा, पंप चालू ठेवा, पाणी हळू उतरू द्या. इंटरकूलरवर बर्फ हवा तेवढा घाला, त्याला काही होत नाही.

मीट संपल्यावर पाणी काढून गाडी रिकामी ठेवू नका, भरलेलीच ठेवा, ॲडिटिव्हसकट. सोळा आकड्यांचा तक्ता आणि जुनं गॅस्केट टूलबॉक्समध्ये राहू द्या, पुढच्या वेळी हेड खोललं की पहिलं ताडून बघायला तेच लागतं.